बुधवारचं कारलं

आई, आज मला तुझा भयंकर राग आलाय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज दिंडोरीच्या तपासणी शिबिरात तूच माझ्यासमोर येऊन बसलीस असं वाटलं.

आमच्या हॉस्पिटलात आता संगणक सांगतो, साखरेच्या कुठल्या पेशंटचे डोळे, किडनी, पाय बिघडायच्या बेतात आहेत. धोका असेल तर लाल खूण, नसेल तर हिरवी. जुन्या पेशंटांच्या फायली देऊन त्याला शिकवलंय. आज द्राक्षबागेत मजुरी करणारी एक बाई आली, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्याच वयाची. उपाशीपोटीची साखर झकास, खूण हिरवी. डॉक्टर म्हणाले, पुढचा पेशंट. ती बाई खुशीत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दोन दिस काय खाल्लंच नाय, सिस्टर. मंग साखर वाढंल कशी?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तूही हेच करायचीस ना? शुक्रवारी तपासणी, की बुधवारपासून कारल्याचा रस आणि कोरा चहा. रक्त देऊन झालं की आमच्या हॉस्पिटलाबाहेरच्या गाड्यावर जिलबी खायचीस, परीक्षा संपलेल्या पोरीसारखी. तूही बागेत मजुरीला जायचीस; द्राक्षाच्या घडांची विरळणी करताना तळपायात तार घुसली, तर हळद भरून वर मोजा चढवलास. कामाचा खाडा नको म्हणून महिनाभर कुणाला दाखवलं नाहीस. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. दुसऱ्या हॉस्पिटलात तो गुडघ्याखाली कापला आणि पुढचा पाडवा तू पाहिला नाहीस.

मी त्या बाईला बूट काढायला लावले. टाचेला जखम होती, पू धरलेला. मी डॉक्टरांना म्हटलं, बघा तुमची हिरवी खूण. ते म्हणाले, मशीन आकड्यांवरच चालणार, पेशंट खोटं वागला तर ते काय करणार? मी सगळ्यांसमोर भांडले. बूट काढायला सांगण्याइतकीही फुरसत नाही का तुम्हाला, म्हणून विचारलं. मग त्या बाईवरही ओरडले. तशी तिने पाय साडीखाली ओढून घेतला. सुरुवातीला आकडा चढला की मी तुला बोलायचे, तेव्हा तूही असाच ओढून घ्यायचीस.

जुन्या फायली संगणकात भरायचं काम माझ्याकडेच होतं. त्यात तुझीही होती. सुरुवातीचे एक-दोन सोडले तर सगळे आकडे चांगले, आणि शेवटी पायाबद्दल काहीच नाही, कारण पाय आमच्याकडे कापला नव्हता. मी ती तशीच भरली. अशी बाई धडधाकट असते, हे त्या यंत्राला तुझ्या फायलीनेही शिकवलंय.

त्या बाईला मी नाशिकला भरती करून आले. पाय वाचेल म्हणतात. उद्या तुझ्या फायलीत पायाचं लिहायला सांगणार आहे.

हे पत्र मी कपाटात ठेवीन, मुलांनाही दाखवणार नाही. कारण दर बुधवारी स्वयंपाकघरात कारल्याच्या बिया पडलेल्या मला दिसायच्या, आई. सगळं कळायचं. पण शुक्रवारी सगळे म्हणायचे, सिस्टरच्या आईची साखर बघा कशी ताब्यात आहे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.