खडकांचं तुम्ही, हाडांचं आम्ही

बाबा, तुम्ही गेल्यावर मी डॉक्टर झाले, तीही हाडांची. तुम्ही लातूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचात. मी शाळेत असताना एकदा मला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात गेला होतात. पिशवीत हिमायतनगरकडच्या, तुमच्या मामाच्या गावच्या हापशांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. पाण्यात फ्लोराईड आहे, तिथल्या लेकरांचे पाय वाकतायत, आपण मिळून तपासू, एवढंच तुमचं म्हणणं. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "सर, खडकांचं तुम्ही बघा, हाडांचं आम्ही बघतो." येताना बसमध्ये तुमची पिशवी मांडीवर तशीच.

आता तशाच खुर्चीत मी बसते. मध्यंतरी त्याच गावची एक म्हातारी कमरेत वाकून माझ्याकडे आली, आणि मी तुमचंच काम पुन्हा मांडलं. हाडं मी तपासणार, पाणी इथल्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे सर. आमच्या दवाखान्याच्या संशोधन समितीत विचारलं, "वैद्यकीय संशोधनात दगडवाल्याचं काय काम?" सरांच्या कॉलेजनं कळवलं, पेशंट आला की आमचा विषय संपला. निधी एकेका विषयाला मिळतो, दोघांना मिळून कुणी देत नाही. आधी मला राग आला, मग नुसताच थकवा.

शेवटी आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी त्या गावी तपासणी शिबिर म्हणून गेलो. म्हातारी ओट्यावर बसून होती. म्हणाली, "मागं बी लोकं येऊन गेले, डॉक्टरीणबाई. कुणी पाणी नेलं, कुणी रक्त नेलं. दोघं मिळून कुणीच आलं न्हाई."

सर हापसे बघत फिरले, मी लेकरांचे दात आणि गुडघे. पाण्याचा निकाल आल्यावर पुन्हा गेलो आणि पारावर दोघांनी मिळून सांगितलं, वेशीजवळच्या हापशाचं पाणी पिऊ नका, जुन्या विहिरीचं चालेल.

"मग आमी इतके दिवस काय पिऊन राहिलो?" म्हातारीनं विचारलं.

गावानं तो हापसा बंद केला. म्हातारीची कंबर आता सरळ होणार नाही, नातीचे पाय कदाचित वाचतील. संशोधन म्हणून मात्र याची नोंद कुठंच होणार नाही. शेजारच्या गावात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, तरी सांगते. निघताना सर मागं राहिले होते. त्यांना हाक मारायला गेले आणि तोंडून "बाबा" निघालं. ते माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत.