ईदीच्या ताटातला समुद्र

५ सप्टेंबर २००९, दुसरबीड

कार्डावरच्या लाटांची पेस्ट फसली. प्लास्टर ऑफ पॅरिस जास्त झालं — पसरायच्या आधीच दगड! उद्या खडूची पूड, फेव्हिकॉल आणि थोडा पांढरा डिस्टेंपर.

कार्ड माझ्या धाकट्या भावाला, वकारला हवंय. समीनासाठी. मंगनी झालेल्या मुलीला सासरहून पहिली ईदी जाते — कपडे, बांगड्या, शेवया, खारका. तिच्या घरच्यांनी ताट ठेवून घेतलं की नातं पक्कं. परत पाठवलं की संपलं. धाकट्याचं म्हणणं, ताटात सगळ्यात वर कार्ड पाहिजे. त्यावर समुद्र.

"दुकानातलं नको, आपा. हाताले लागलं पाहिजे."

हाताला. त्याच्या डोळ्यांना आता दिसत नाही म्हणून.

६ सप्टेंबर

अम्मीला मराठी वाचता येत नाही. म्हणून हे मराठीत.

नीट लिहून ठेवते. गेल्या महिन्यात कपाशीवर तुडतुडे आले. 'बीटीले फवारा कायले लागते' असं पेरणीच्या वेळी गावभर चाललं होतं. बोंडअळीला नसेल लागत. तुडतुड्यांना लागतो. पाठीवरच्या पंपाचं नोझल चोंदलं. वकारने दाब न सोडताच ते फिरवून काढलं. औषध सरळ दोन्ही डोळ्यांत. शेजारच्या शेतातल्या तानाबाई धावत आल्या, मायेने डोळ्यांत शेळीचं दूध पिळलं. पाणी हवं होतं! नुसतं पाणी, भरपूर, लगेच.

मी तेव्हा मेहकरला होते. डोळ्यांच्या दवाखान्यात, लोकांची नजर तपासत. तेच माझं काम, त्याचाच डिप्लोमा.

डाव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो. उजव्यासमोर हात हलवला तर हलला एवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, यापुढे सुधारणा नाही. मी स्वतः पुन्हा तपासलं. तेच.

समीनाच्या घरी अम्मीने फोनवर सांगितलंय — "आँख आई है. ईद तक उतर जाएगी."

८ सप्टेंबर

औरंगाबादहून मागवलेले पंच आले. मासा, शिंपला, तारामासा. कागद आत सरकवायचा, दाबायचं — कच्च! कडा स्वच्छ निघतात. वकार बाजूला बसून कापलेले तुकडे चाचपत होता.

"आपा, ही मच्छी हाय का इस्त्री?"

मासाच होता. पण हाताला खरंच इस्त्री लागते. दोघंही हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी.

मी समुद्र पाहिलेला नाही. त्याने पाहिलाय, एकदा. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकबरोबर मुंबईच्या बंदरावर गेला होता. मी कार्डाच्या मधोमध पांढरी पेस्ट लावलेली त्याच्या बोटांना लागली.

"फेस मधात नसते. किनाऱ्याले येऊन फुटते. अन् पाणी गढूळ असते, आपल्या खडकपूर्णेच्या पुरावानी."

"मग निळा कागद काऊन मागितला?"

"तिले मी निळाच सांगितला न. मंगनीच्या दिवशी. नेतो म्हटलं पाहाले."

फेस खरवडला. किनाऱ्याला लावला. कागद निळाच ठेवला.

११ सप्टेंबर

वाळत नाही. हवा ओली.

१३ सप्टेंबर

झालं. ओल्या पेस्टमधून जुना कंगवा नागमोडी ओढला की लाटा उठतात — जाड दातांची बाजू जवळच्या लाटांना, बारीक दातांची लांबच्या. फेस चमच्याच्या पाठीने थोपटून वर ओढला. मासे फक्त पोटावर चिकटवले, शेपट्या मोकळ्या. ओलीमुळे कार्ड वाकलं होतं; वाळल्यावर त्यावर मऊ कापड आणि भिंगांची पेटी ठेवली. आता सपाट आहे.

वकार बराच वेळ हात फिरवत बसला. मग म्हणाला, "चाल्ते."

१६ सप्टेंबर

उद्या साखरखेर्ड्याला ताट घेऊन जायचं. अम्मीने बजावलं — "तू चुप बैठना. बात मैं करूँगी."

बरं म्हणाले.

१७ सप्टेंबर

नजीर चाचा, समीनाचे अब्बू. कापडाचं दुकान, मागे घर. रोजे आहेत, त्यामुळे चहापाण्यात हात गुंतवायचीही सोय नव्हती. त्यांचा थोरला, अरसलान, शाळेत मास्तर आहे. त्याने खुर्च्या आणून ठेवल्या आणि दारात उभा राहिला. पडद्यामागे समीना असावी. पडदा हलत होता.

अम्मी बोलत राहिली. सूज उतरतेय, थेंब चालू आहेत, चष्मा लागेल फार तर. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"तेरी अम्मी माँ हैं, वो तो बोलेंगी. बेटी, तेरा तो कामच आँखों का. तू बोल."

मी बोलले. रोज रुग्णांच्या घरच्यांना सांगते त्याच आवाजात. डावा डोळा. उजवा डोळा. सुधारणा नाही.

पडदा हलायचा थांबला.

"ताट रहने दो," चाचा म्हणाले. "जवाब भेजता."

परतीच्या एसटीत अम्मी माझ्या शेजारी बसली नाही. घरी वकारने एकच विचारलं, "कार्ड पाह्यलं का तिनं?"

माहीत नाही म्हणाले. खरोखरच माहीत नाही.

१९ सप्टेंबर

ताट परत आलं. वरचा रुमालसुद्धा तसाच घडी घातलेला. कार्ड आत.

"डॉक्टरनी! हो गई तसल्ली?" — अम्मी. त्यानंतर बोलणं बंद.

वकारने कार्ड मागून घेतलं. फेसावर अंगठा ठेवला. "हे बेस जमलं तुले," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भर दुपारी.

चुप बसता आलं असतं. निकाह झाला असता. मग तिला कळलं असतं. यातलं कोणतं वाक्य खोडावं, ते ठरत नाही.

२१ सप्टेंबर

ईद. शिरखुर्मा केला. भांडं भरलेलंच आहे.

२७ सप्टेंबर

नजीर चाचांचा निरोप आला. मागणी घातलीय — मला, अरसलानसाठी. 'मुँह पे सच बोलनेवाली बहू चाहिए घर में.'

अम्मी आज बोलली माझ्याशी. मी नाही म्हणणार, तेवढ्यात आतून वकारचा आवाज आला —

"हाव म्हण, आपा. त्या घरात आपल्यातलं कोणी तरी जाऊ दे."