बैलाबरोबर गेलेलं दावं

मामंजी, मागच्या बाजारी बेल्ह्याहून आलं ते असं: संकरित गाय एक, दुसऱ्या वेताची, सतरा हजार. टेम्पोभाडं दोनशे. नायलॉनचं दावं तीस रुपये. नारळ बारा रुपये. ही आपली पाचवी गाय. तुम्ही गेलात तेव्हा दोन होत्या. आता बांधाच्या कडेनं झेंडू आहे, घरामागं गावरान कोंबड्या आहेत, आणि नुसती बाजरी व्हायची त्यातल्या निम्म्या रानात गवत आहे. गोठ्यात जागा उरली नाही, म्हणून नव्या गाईला कोपऱ्यातल्या तुमच्या बैलाच्या खुंट्याला बांधली. इतकी वर्षं तो खुंटा रिकामा ठेवला होता.

ती तिथं राहत नाही. रोज दुपारी पत्रा तापला की गाय मोकळी होऊन हौदापाशी उभी असते. दावं तुटलेलं नसतं. गळ्याची गाठ सोडलेली असते आणि दाव्याचं वेटोळं खुंट्यावर ठेवलेलं असतं, तुम्ही ठेवायचात तसंच. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "म्हातारा पाण्यावर नेतोय गं. फुकटचा गडी मिळाला, च्या ठेवत जा त्याला." मीही हसले. पण दुपारी आता गोठ्यात एकटी जात नाही.

बैल विकला तो दिवस तुम्हाला निम्माच माहीत आहे. जोडीतला एक बैल मेला होता आणि दुसरा नुसता उभा होता. मीच म्हणाले, हा विकू, गाय घेऊ; दूध रोज येईल, शेण रानाला होईल, नांगरटीला शेजारी बैल देतील. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग म्हणालात, "इका. पर दावं घरी आणा." अंबाडीचं ते दावं तुम्ही मांडीवर वळलेलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये, त्याच्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, हे मला माहेरीही शिकवलेलंच होतं.

पैसे नीट यावेत म्हणून मी हट्टानं यांच्याबरोबर बाजारी गेले. मला बघून दलाल ओरडला, "जपून राव! कारभारीण आलीया, बैलाचे न्हाई, तुमचे दात मोजंल." सौदा झाला. हे टेम्पो बघायला गेले, तेवढ्यात घेणारा मला म्हणाला, "ताई, माजं दावं लई कुजलंय, वाटंत तुटंल. ह्येच ऱ्हाऊ द्या, धा रुपये वर घ्या." मला वाटलं, दावं ते काय, मामंजी दुसरं वळतील. मी दिलं. हे परत आले तोवर बैल गर्दीत दिसेनासा झाला होता. हे तिथंच मातीत बसले. मग आम्ही घरी बोरीला आलो. दारात येताना एवढंच म्हणाले, "तू गप ऱ्हा."

तुम्ही ओट्यावर उभे. "दावं कुठंय?"

"माज्या हातून गेलं, आबा," हे म्हणाले.

त्यानंतर सात वर्षं तुम्ही लेकाशी बोलला नाहीत. दावंही कधी वळलं नाहीत. "सांग त्याला, गवताला पाणी दे." "सांग त्याला, झेंडू उद्या तोडा." हे तीन हात अंतरावर बसलेले असायचे आणि मधे मी. इकडचे तिकडचे सगळे निरोप मी पोचवले, एक सोडून. वाडीनं आपल्याला लई हात दिला. शेजाऱ्यांनी नांगर दिला, आपण त्यांना शेणखत दिलं. बचत गटातल्या बायका आज आपला झेंडू तोडतात, उद्या मी त्यांचा, आणि सगळ्यांची फुलं एकाच टेम्पोत जातात. पण तीच माणसं पारावर यांना म्हणायची, "बापाचं दावं इकून गाय आणली का रं?" हे खाली बघून हसायचे. बरकत कधी जाते याची मी देवापुढं बसून वाट पाहिली. ती गेली नाही, वाढत गेली. त्याचीच मला भीती वाटायची. दाव्याबरोबर गेलं ते, तुम्ही दोघं एकमेकांकडं पाठ करून जेवायला बसलात की दिसायचं.

शेवटी शेवटी तुमची बोटं गोधडीवर काहीतरी वळत होती. हे पायाशी बसलेले. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "सांग त्याला..." आणि पुढं शब्द आला नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी देवाला दिवा लावायला उठले. आत दिवा लावते आहे, काडी दोनदा विझते आहे, आणि बाहेर यांचा हंबरडा.

त्या दहा रुपयांचा मी नारळ घेतला होता, पहिल्या गाईच्या पूजेला. खोबरं मीच तुमच्या तळहातावर ठेवलं. तुम्ही ते कपाळाला लावून खाल्लंत.

हे पत्र कुठं टाकायचं मला ठाऊक नाही. पोथीत ठेवते आहे. लिहायला बसले ती यांच्यामुळे. काल दुपारी हे हौदापाशी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आबा गाईला पाण्यावर नेत्यात. मग मला हाक का मारीत न्हाईत?"

मामंजी, दावं मी दिलं. एवढं वाचून उलट टपाली कळवा. उत्तर मला नको. पाकिटावर तुमच्या लेकाचं नाव घाला.