टाकीच्या आतला निळा रंग

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकी आतूनही रंगवली! बाहेरून दरवर्षी रंगवतात, ते ठीक. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कला आपल्या चाळीचं पाणी असतं, ही टाकी तिथे नेतो, ती निळी दिसलीच पाहिजे. पण आतून? मी विचारलं, आतून कशाला रे? हर्षवर्धन म्हणाला, "काका, गेल्या वर्षी गंजाचं पाणी आलं. लोक कुठून कुठून येतात आणि आपण त्यांना तांबडं पाणी पाजायचं? आता आतबाहेर निळं!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. हर्षवर्धन मंडळाचा अध्यक्ष. बँकेत आहे, पण मंडळाचं मन लावून करतो. रंग वैभवने आणला, तो गोदीत रंगारी आहे. उरलेले डबे होते म्हणे.

झाकण उघडून वास घेतला. डोळे चुरचुरले.

माझी बायको मालन म्हणते, "तुम्हाला बंद गॅसचाही वास येतो." खरं आहे. मी घाबरट माणूस. तरी पण.

१८ नोव्हेंबर

वास टाकीत आहे की माझ्या नाकात, तेच कळेनासं झालंय. टाकी भरून ठेवलीय, पाणी दिसायला काचेसारखं. हर्षवर्धनच्या मागे लागलो. वैतागला, पण तपासायला पाठवलं. पोरगा भला आहे.

२१ नोव्हेंबर

रिपोर्ट आला – पाणी पिण्यास योग्य! हर्षवर्धनने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "काका, आता तरी झोपा." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र अंगाची लाही झाली.

संघमित्राला फोन लावला. माझी मुलगी, वडाळ्याला असते, कॉलेजात प्रयोगशाळा बघते. म्हणाली, "बाबा, त्यात कशाकशाची नावं आहेत ती वाचा." वाचली. जंतू, क्षार, क्लोरीन, शिसं, असलं काय काय. "म्हणजे एवढंच शोधलं. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? रंगात शंभर गोष्टी असतात, त्यातल्या कितीतरींना नियमच नाही. नियम नाही म्हणून तपासणी नाही." मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाली, "घरात कांदे आहेत ना?"

मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. ग्लासात पाणी घ्यायचं, वर कांदा ठेवायचा. बरं पाणी असेल तर मुळं सुटतात. पाण्यात काही वाईट असेल तर खुंटतात. काय वाईट आहे ते कांदा सांगत नाही. काहीतरी आहे, एवढंच सांगतो.

मला तेवढं पुरे!

२३ नोव्हेंबर

सगळे कांदे सडले. भरपूर पाणी मिळावं म्हणून मी अख्खे बुडवले होते. मालनने खिडकी उघडली आणि बोलली ती बोललीच. संघमित्रा फोनवर हसून हसून बेजार – "बाबा, नुसतं बूड टेकवायचं हो!" एकेका कांद्यावर भरवसा नको, तीन-तीन लावा, पाणी रोज बदला, असंही म्हणाली.

पुन्हा लावले. तीन नळाच्या पाण्यावर, तीन टाकीच्या.

२४ नोव्हेंबर

काही नाही. दहा वेळा उचलून पाहिलं. मालन म्हणाली, "अंडी नाहीत ती, उबवायला!"

२७ नोव्हेंबर

नळाच्या कांद्यांना पांढरी शुभ्र दाढी! बोटाएवढी मुळं. टाकीच्या दोघांना नुसते तपकिरी ठिपके, तिसऱ्याला नखाएवढं एक मूळ, तेही वाकडं.

आनंद झाला. मग लाज वाटली. यात आनंद कसला?

२८ नोव्हेंबर

सभेत सहाही ग्लास टेबलावर नेऊन ठेवले. नेताना थोडं पाणी सांडलं.

"काका, भजी कधी?"

"कुठल्या लॅबचा कांदा हा? नाशिकच्या?"

हसू दिलं. मग हर्षवर्धन उठला. तो हसत नव्हता. "काका, उद्या बाहेर बोलतील, त्यांच्याच माणसाने निळ्या रंगाला विष म्हटलं. चालेल तुम्हाला? आपले आजे-पणजे पाण्यासाठी महाडला गेले. आणि तुम्ही पाणी बंद करायला निघालात."

हे लागलं. फार लागलं. सातवी नापास माणूस मी, सभेत कधी तोंड उघडलं नाही. पण उभा राहिलो. म्हटलं, "महाडला ते चांगलं पाणी मागायला गेले होते रे. आपल्याला कसलंही चालेल, हे सांगायला नव्हते गेले!"

मागून वैभव म्हणाला, "काका, तो रंग जहाजाच्या बुडाचा आहे. शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात." मग हळूच, "वर्षानुवर्षं पाण्यातच असतो ना, म्हणून मला वाटलं, पाण्याला चांगला."

जीव चिकटू नये म्हणून लावायचा रंग. आणि आपण त्यातलं पाणी लोकांना देणार.

वैभवचा चेहरा बघवेना. त्याने आमच्या सगळ्यांसारखाच विचार केला. निळं आहे ना, मग चांगलंच असणार.

तरीही हर्षवर्धन म्हणाला, "रिपोर्ट खोटा आणि कांदा खरा? कांद्यावर टाकी ठरवायची का?" मी म्हटलं, "माझ्या कांद्यावर नको. तुमच्या लावा. ज्याने त्याने आपापल्या घरी." कबूल झाले. चेष्टेत का होईना, झाले.

३० नोव्हेंबर

चाळभर खिडक्यांत कांदे. कुणाच्याच पोह्यांत नाहीत. माझ्या मनात एकच – सगळ्यांना मुळं आली तर? येऊ देत. हसू देत. त्या टाकीतलं पाणी कुणाला पाजू देणार नाही म्हणजे नाही!

३ डिसेंबर

एका घरचे नळाचेही सडले. एका घरी टाकीच्या कांद्याला बऱ्यापैकी मुळं आली, ते मला मुद्दाम बोलावून दाखवलं. बाकी सगळीकडे तेच – नळाला दाढी, टाकीला ठिपके.

संध्याकाळी हर्षवर्धन दारात. दोन हातांत दोन ग्लास. एकाला दाढी, एकाला ठिपके. मी म्हटलं, "ये रे, बस. चहा घे." चहा पिऊन म्हणाला, "काका, लोकांना काय सांगू?" म्हटलं, "जे झालं ते. आपण प्रेमाने रंगवली आणि चुकलो."

५ डिसेंबर

टाकी चाळीतच राहिली. घराघरातून स्टीलचे हंडे निघाले. प्रत्येकावर कुणाच्या आईचं, आजीचं नाव कोरलेलं. वैभवने सगळे घासले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शिवाजी पार्कला लोक आजपासूनच यायला लागले, टाकी कुठाय म्हणून विचारतात. हर्षवर्धनने हंड्यांशेजारी दोन ग्लास मांडले, एक नळाचा, एक टाकीचा, आणि येईल त्याला स्वतः सांगतो. मी ऐकत बसलो. माझ्यापेक्षा बरं सांगतो.

६ डिसेंबर

परभणीकडची एक बाई पाणी प्यायली, ग्लासांकडे बराच वेळ बघत राहिली. मग पिशवीतून बाटली काढली. प्रवासात प्यायला गावच्या बोअरचं पाणी आणलं होतं. "बाबा, ह्याच्यावर लावता का कांदा? आमच्याकडं सरकारी लोक पाण्यात तपासणीची पट्टी बुडवून गेले, चांगलं म्हणले. पण वरच्या अंगाला कारखाना झालाय." फोन नंबर दिला. तिचं ऐकून मागच्या रांगेतल्यांनीही बाटल्या काढल्या. पाणी वाटायला गेलो होतो, पाणी गोळा करून आलो.

ती निघताना मी विचारलं, मुळं नाही आली तर दुसरं पाणी आहे का गावात?

नाही म्हणाली.

घरी येऊन तिच्या पाण्यावर कांदा लावला.