द्वारपालाचे गाळलेले वाक्य

मी, सुंदरबाई भ्रतार चुडामण पाटील, वय अंदाजे बासष्ट, राहणार शिंदखेडे, जिल्हा पश्चिम खानदेश, आज दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला चालताना दम लागतो, पण लिहिताना हात कापत नाही. कोणी धाक घातलेला नाही. आग्रह मात्र झाला आहे, आणि तो कोणी केला ते पुढे येईल. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते यात लिहिले आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. माझे यजमान कै. चुडामण यांच्या नावची चार एकर कोरडवाहू जमीन कायद्याने ज्याला जायची त्याला जाईल. धुळ्याच्या वकिलांनी सांगितले की ती विधवेला आपल्या मर्जीने कोणाला लिहून देता येत नाही. म्हणून लिहीत नाही. हे सांगताना वकील माझ्याशी न बोलता माझ्याबरोबर आलेल्या शालिग्राम मास्तरांशी बोलत होते, एवढे नमूद करते.

कलम २. नरडाण्याच्या रस्त्यावरचे दोन खोल्या व ओसरीचे घर मात्र माझे आहे. ते माझ्या माहेरच्या, म्हणजे चोपड्याच्या, सोन्यातून घेतले असून खरेदीखत माझ्या नावे आहे. हे घर मी माझी सून बेबाबाई भ्रतार जीवराम हिला देते. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. तिने पाट लावला, म्हणजे पुन्हा लग्न केले, तरी घर तिचेच.

हे घर माझा पुतण्या रुपचंद मोतीलाल याला हवे आहे. यंदाच्या निवडणुकीला तो उभा आहे. माझा एकुलता मुलगा जीवराम बेचाळीस साली गेला. त्याच्या नावाने ‘जीवराम स्मृती भवन’ करून तेथे पक्षाचे काम चालवावे असे रुपचंदचे म्हणणे आहे. काकूने घर दिले, असे तो येत्या रविवारच्या सभेत जाहीर करणार आहे. पाटी रंगवून तयार आहे. मी ती पाहिली. तीत जीवरामचे नाव आहे, आणि उद्घाटकाचे नाव त्याहून मोठे आहे.

मी घर देत नाही व मुलाचे नावही देत नाही. सभेत काहीही जाहीर झाले तरी हा कागद खरा धरावा. कारण पुढच्या कलमात आहे. ते लांबले तर वाचणाऱ्याने सोसावे.

कलम ३. माझ्या पेटीत लाल फडक्यात बांधलेली नाटकाची वही आहे. ती माझी नात, जीवरामची मुलगी कमल, हिला द्यावी. ती आठ वर्षांची आहे व वाचते.

आमच्या गावची हौशी नाटक मंडळी जत्रेला दरवर्षी एकच जुने नाटक करी. माझे यजमान विंगेत बसून नटांना पाठ सांगत. त्यासाठी ते घरी वही मोठ्याने वाचत आणि मी भाकरी थापता थापता ऐके. दोन वर्षांत सगळे नाटक मला पाठ झाले. अक्षर एक येत नव्हते. मग एके दुपारी मी वही उघडली. ‘महाराज’ हा शब्द कोठे कोठे येतो ते मला ठाऊक होते. तो शोधून काढला. त्यातून म, ह, र आणि ज हाती आले, आणि त्यांना धरून बाकीची अक्षरे सुटत गेली. यजमानांना कळले तेव्हा ते हसत म्हणाले, “तू तं मनी चोरी करी! आते मना पोटवर पाय देशी का?”

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला आणि खरोखरच मी त्यांच्या जागी बसले. बाई विंगेत बसते म्हणून गावाने महिनाभर तोंडसुख घेतले. मग नट अडखळेनासे झाले, तेव्हा गाव गप्प झाले. यजमान माझ्याजवळ बसून राहत. त्यांना दिसत नव्हते, पण पावलांचा आवाज ऐकून कोण घाबरला आहे ते ते सांगत. मला म्हणत, “तोंडकडे नको देखू, पायकडे देख. घाबरेल मानूसना पाय आधी बोलतस.”

नाटक असे होते. राजाच्या किल्ल्याला शत्रूचा वेढा पडतो. राजा सेनापतीच्या तरुण मुलाला सांगतो, तू वेशीवर जा, मी तुझ्या मागून येतो. मुलगा जातो. राजा बुरुजावर चढतो व तेथेच थांबतो. मुलाचे प्रेत आणतात. राजा खाली येऊन त्याचे डोके मांडीवर घेतो आणि मोठा विलाप करतो. त्या विलापाआधी म्हातारा द्वारपाल एकच वाक्य बोलतो: “महाराज, आपण मागून येणार होता.” त्यावर राजाला उत्तर लिहिलेले नाही.

राजाचे काम रुपचंद करी. आवाज चांगला, उंची चांगली, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो आपल्याशीच बोलतो आहे असे वाटे. द्वारपालाचे काम नरडाण्याच्या स्टेशनावर हमाली करणारा पुना उखर्डू करी. रुपचंद राजा झाला त्या पहिल्या वर्षी पुनाने ते वाक्य म्हटले आणि मांडवात कोणी हलले नाही. नंतर रुपचंदने विलाप सुरू केला, पण लोक रडेनात. ते त्याच्याकडे पाहत राहिले. एकजण मोठ्याने म्हणाला, “हा, बोल आते!”

दुसऱ्या वर्षी तालमीला रुपचंद म्हणाला, “काकू, ते वाक्य गाळा. रसभंग होतो.” यजमान म्हणाले, “पोरनं मन राख.” मी दौत घेतली आणि माझ्या हाताने त्या वाक्यावर रेघ मारली. त्या वर्षी मांडवभर लोक रडले. बायकांत माझी जाऊ पुष्पाबाई, म्हणजे रुपचंदची आई, मूर्च्छा येऊन पडली. मंडळीने त्याला चांदीचे पदक दिले. पुनाला नुसते भाला धरून उभे राहायचे काम उरले.

पुढे रुपचंद पुढारी झाला. मी धुळ्याच्या, जळगावच्या, चोपड्याच्या पुष्कळ सभा ऐकल्या आहेत. मोठमोठी माणसे पाहिली. वर्तमानपत्र रोज वाचते. पण पुढारी पाहायला मला त्या वहीनेच शिकवले, म्हणून कमलसाठी लिहून ठेवते. पुढारी काय बोलतो ते सगळेच ऐकतात. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस बोलू शकतो का, ते बघ. ज्याने त्याला प्रश्न विचारायचा, त्याचे वाक्य अजून जागेवर आहे की कोणी रेघ मारली, ते बघ. आणि रेघ मारणारा हात नेहमी पुढाऱ्याचाच असतो असे समजू नकोस. चोपड्याला एक पुढारी आले होते. एका म्हातारीने भर सभेत विचारले, मागच्या वेळी विहीर देतो म्हणालात ती कोठे आहे? लोक तिला खाली बसवू लागले. ते म्हणाले, तिला बोलू द्या, माझ्याकडे उत्तर नाही. तेवढे एकच मला आठवतात. ते निवडून आले नाहीत.

आणखी एक. राजाचे रडणे खोटे नव्हते. रुपचंदच्या गालावरचा रंग खऱ्या पाण्याने ओघळत असे. मी चार हातांवरून पाहिले आहे. लोक म्हणतात पुढारी सोंग करतात. सोंग असते तर ओळखायला सोपे होते. तो रडला ते खरे आणि तो मागे राहिला तेही खरे. पहिले ऐकून लोक दुसरे विसरतात, त्यात नटाचा दोष थोडा आणि मांडवाचा फार.

बेचाळीसच्या भाद्रपदात एका कचेरीवर झेंडा लावायचे ठरले. गावाचे नाव लिहीत नाही. सतरा पोरे निघाली. माझ्या ओसरीवर रुपचंद त्यांना म्हणाला, “जीवराम, तू पुढे व्हय. मी मांगे येसू.” मी आत भाकरी बांधत होते. ऐकले, आणि माझ्या काही ध्यानात आले नाही. जीवरामच्या डोक्यात लाठी बसली. अकराव्या दिवशी तो गेला. झेंडा लावायच्या दिवशी रुपचंद नरडाण्याहून गाडीने जळगावला गेला होता. तेथे समितीचे काम होते म्हणतात. असेलही.

महिन्याने शोकसभा झाली. रुपचंद बोलला. वाक्ये नवी होती, चाल तीच होती. तो दोन पावले पुढे आला, छातीवर हात ठेवला आणि थांबला. ज्या जागी थांबला ती जागा मला ठाऊक होती. तेथे द्वारपालाचे वाक्य होते. मी पुढच्या रांगेत बायकांत बसले होते. वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले. पण पाठ सांगणाऱ्याचा आवाज लोकांना ऐकू जाता कामा नये, ही माझी अठरा वर्षांची सवय. मी गप्प बसले. मग तो बोलू लागला, आणि सगळ्यांबरोबर मीही रडले. माझ्या मुलाच्या शोकसभेत मला त्या विलापाने रडू आले, याची लाज मला चार वर्षे पुरली आहे.

म्हणून मी वहीतल्या त्या रेघेखाली ते वाक्य पुन्हा ठळक लिहिले आहे. मंडळीने पुढे हे नाटक केले तर ते बोलले जावे. न बोलता करायचे असेल तर वही कमलकडून मागू नये.

कलम ४. सोन्याच्या दोन पाटल्या कमलच्या लग्नात तिला द्याव्या. तिचे लग्न सोळा वर्षांच्या आत करू नये. तांब्याचा हंडा बेबाबाईला. गॅसबत्ती मंडळीला; तिची जाळी जपून बदलावी, दरवेळी कोणीतरी बोट लावतो. पाटा-वरवंटा पुष्पाबाईकडे आहे. तो तिने अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत नेला व आता तिचाच आहे असे सांगते. तिचाच राहू द्यावा. मात्र माझ्या बाराव्याला तिने त्यावर वाटण वाटताना एकदा माझे नाव घ्यावे.

कलम ५. इथवर काल लिहिले होते. आज सकाळी साक्षीदारांना, म्हणजे मास्तर व पुना यांना, वाचून दाखवीत असताना रुपचंद आला. मी वाचणे थांबवले नाही. त्याला बस म्हटले व पहिल्यापासून पुन्हा वाचले. तो टोपी हातात घेऊन उभाच राहिला. जे झाले तेही नोंदवा असे मास्तर म्हणाले म्हणून लिहिते; त्यावरूनच हे शेवटचे कलम ठरले.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, “काकू, देशाच्या कामात माणसे खर्ची पडतात. जीवराम हुतात्मा झाला. त्या हौतात्म्याचे मंदिर व्हावे, एवढीच या सेवकाची इच्छा!”

पुना म्हणाला, “भाऊ, हाऊ मांडवना आवाज शे. आठे चार जणच शेत.” येथे आम्ही चारच ऐकणारे होतो.

रुपचंद त्याच्यावर डोळे वटारून म्हणाला, “तू हमाल, तुले काय समजस?”

“वझं समजस, भाऊ.”

कोणी हसले नाही. बेबाबाई दारात उभी होती. ती रुपचंदसमोर कधी बोलत नाही. ती म्हणाली, “भाऊ, त्या दिवशी तुमी काब्र नही वनात?” का आला नाहीत, एवढेच तिने विचारले.

रुपचंद खाली बसला. टोपी त्याने गुडघ्यावर ठेवली. मग इतक्या हळू बोलला की मास्तरांना कानामागे हात धरावा लागला. “माले भ्या वाटनं. गाडी उभी व्हती. मी चढी गऊ.”

हे वाक्य कोणत्याही नाटकात नाही. ते त्याला कोणी सांगितले नव्हते. मी त्याला पाणी दिले. बेबाबाईने विचारले, “हाई रविवारले सभामा सांगशात का?” तो म्हणाला, “मग मतं पडतीन नही.” ती म्हणाली, “मी मतंसनं नही इचारं.” तो उठून गेला. सांगेन म्हणाला नाही, सांगणार नाही असेही म्हणाला नाही. पाटी लावू नकोस, एवढे मी त्याच्या पाठीमागून सांगितले.

घर बेबाबाईचेच. त्यात बदल नाही.

परंतु माझे मडके कोणी धरावे, हे मी कोरे ठेवले होते. ते आता भरते. रुपचंदने धरावे. रविवारी तो काय बोलतो यावर हे अवलंबून नाही. आमच्यात मडके धरणारा तिरडीच्या पुढे चालतो. हातात विस्तव असतो, त्याला कोणाच्या मागे राहता येत नाही, आणि वाटेत भाषण नसते. घरापासून नदीपर्यंत त्याने एकदा असे चालावे.

तो वेळेवर आला नाही तर निरोप पाठवू नये. मडके बेबाबाईने उचलावे व निघावे.

हे सर्व मी वाचून, समजून लिहिले आहे. अंगठा लावलेला नाही, सही केली आहे.

सही: सुंदरबाई भ्रतार चुडामण पाटील

आमच्यासमक्ष वाचले व सही केली:
साक्षीदार १: शालिग्राम मास्तर, पेन्शनर शिक्षक, शिंदखेडे
साक्षीदार २: पुना उखर्डू, हमाल, नरडाणे. सही येत नाही, डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम शिंदखेडे, जिल्हा पश्चिम खानदेश
तारीख १४ फेब्रुवारी १९४६