पाहुणीसाठी आणलेला पुडा

मंगळवार, संध्याकाळ

बिस्किटांचा तो पुडा डोक्यातून जात नाही. कोंढ्याला घरखर्चाच्या पाहणीची दुसरी फेरी होती. लोकांचा खर्च वाढला का, ते मोजायचं. मला पाहताच शेवंताबाईंनी सुनेला दुकानात पिटाळून पुडा आणवला. एरवी त्यांच्याकडे बिस्किटं येत नाहीत. पण पाहुण्यांना दिलेलंही घरखर्चातच धरायचं, असा नियम. म्हणजे जी वाढ मोजायला गेले, ती माझ्यामुळेच? म्हटलं, "बाई, मला काही नको."

"काहून जी मॅडम? मंग लिवून टाका, या घरी पाहुण्याले चहाबी नाही भेटत!"

सून हसली. शेवंताबाई नाही हसल्या. खरंच लागलं होतं त्यांना. मी बसले, चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली. पुडा खर्चात लिहिला आणि शेऱ्यात 'पाहणीला आलेल्या पाहुणीसाठी' असंही. वर कोणी शेरा वाचेल का? माहीत नाही. पण खोटं काही लिहिलं नाही, आणि शेवंताबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या.

उरलेली बिस्किटं त्यांनी माझ्या पिशवीत कोंबली. आता ती कोणाच्या घरात धरायची? चहा ठेवलाय. ठरेपर्यंत उरायची नाहीत.