उंदराचा वास

मेडशी,
६ जानेवारी १९७५

चि. रुख्मिणीस,
ताईचे अ. आ. व जयभीम.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. अकोल्यात नर्स झाल्यापासून तू ख्यालीखुशाली कमी पुसते अन् जबाबच जास्त मागते. तर घे जबाब. साखरेची वही मी नेमानं भरते. सकाळची वंदना झाली की नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, अन् दिव्यावर उकळी. सोमवारी हिरवा रंग, मंगळवारी पिवळा. गुरुवारी थेट विटेसारखा लाल, कारण मोतीबाईच्या पोरीच्या लग्नात बुंदी चाखली. वहीत तसंच लिहिलं आहे. तुझ्याशी खोटं बोलीन, वहीशी नाही.

संधिवातानं गुडघे अन् कंबर लाकूड झाली. बसले तर उठवत नाही, उभी असले तर वाकवत नाही. पायाची बोटं पोळ्यापासून पाहिली नाहीत, आहेत असं धरून चालते. पोरी सासरी, घरात आम्ही दोघंच. हे संध्याकाळी चुलीत वीट तापवून गोणपाटात गुंडाळून देतात, मी त्यावर पाय टेकवून बसते. ऊब गुडघ्यापर्यंत चढते.

एक आनंदाची गोष्ट. दोन वर्षं तळव्यांची आग होत होती, मिरची चोळल्यासारखी, ती महिन्याभरात पार गेली. आता वीट कितीही तापो, चटका लागत नाही. तथागताची करुणा म्हण.

घरात मात्र कुठंतरी उंदीर मेला आहे. चार दिवस धुंडून राह्यलो, कणगीमागं, ट्रंकेखाली. ह्यांनी माळाही उपसला. मी जाते तिथं वास येते. हे म्हणतात की मेलेला उंदीर तुह्याच मागं मागं फिरून राह्यला.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी विमलताई


अकोला,
९ जानेवारी १९७५

आ. ताईस,
रुख्मिणीचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र उभ्या उभ्या वाचलं अन् तशीच लिहायला बसले. ताई, उंदीर शोधणं थांबव. विटेला पाय लावू नको. तळव्यांची आग बरी होऊन थांबली नाही. साखरेनं तळव्यांची जाण मारली. जिथं जाण नाही तिथं चटका लागतो, पण कळत नाही.

आमच्या वॉर्डात मानोऱ्याकडची एक बाई आली होती. चपलेचा खिळा आठ दिवस पायात घेऊन शेतात निंदत होती. पुढचं लिहीत नाही.

तुला वाकता येत नाही, म्हणून आजच्या आज भाऊजींना तळवे पाहू दे. तू म्हणशील, नवऱ्याच्या हाती पाय कसा देऊ, पाप लागेल. छप्पन साली आबांनी घरातले सगळे देव नदीत सोडले. हा एवढा एक तू ट्रंकेत लपवून सासरी नेला काय? हात जोडते, उशीर करू नको.

उत्तराऐवजी तूच आलीस तर जास्त बरं.
तुझी भ्यालेली रुखमी


मेडशी,
१३ जानेवारी १९७५

चि. रुख्मिणीस,
अ. आ.

वि. वि. तुझं पत्र कालच मिळालं. दोनदा वाचलं अन् ट्रंकेत ठेवलं. ह्यांना सांगायची लाज वाटली. आज सकाळी आरसा भुईवर ठेवून आपलाच तळवा पाहायला गेले. तोल गेला, आरसा फुटला. आवाजानं हे धावत आले, काहून आरशावर चढली म्हणून रागावले. मग मी पत्रच त्यांच्या हाती दिलं.

वाचून ते खाली बसले अन् माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढला, त्यांनी सोडला नाही. म्हणाले की बैलाचा खूर पाहाले रोज बसतो, तवा नाही लाजत, अन् तुह्या पायाले काय लाजू? एवढं बोलले अन् गप्प झाले. रुखमे, हे माणूस मयतीतही गप्प बसत नाही. मला त्यांच्या गप्प होण्याचंच भेव वाटलं.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढं काळं पडलं आहे, त्यातून पाणी येते. त्यांनी बोटानं दाबलं म्हणतात. मला कळलं नाही.

उंदीर सापडला, रुखमे.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. आज दुपारच्या गाडीचे कंडक्टर जगदेवराव ओळखीचे आहेत, त्यांच्या हाती हे देते. तू दवाखान्याच्या फाटकापाशी उभी राहा. त्या मानोऱ्याच्या बाईचं पुढचं तू लिहिलं नाहीस, अन् मी सकाळपासून तेच वाचून राह्यली.

वेणी घालून द्यायचीस तशी जवळ राहा.
तुझी ताई


अकोला,
९ फेब्रुवारी १९७५

आ. ह्यांस,
विमलचा सविनय जयभीम.

वि. वि. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी अंगठा अन् शेजारचं बोट काढलं. जोडवं रुखमीनं कागदात बांधून ठेवलं आहे. आज पट्टी सोडून डॉक्टर म्हणाले की पाय राहील. पण साखर अशीच राहिली तर उजव्याचंही हेच होईल, हेही म्हणाले. गुडघ्यांचं ठणकणं तसंच आहे. आधी त्याला शिव्या देत होते. आता ठणकलं की बरं वाटते, तेवढा पाय तरी जिता आहे.

रुखमी कामावर असली की उजवा तळवा कोणी पाहात नाही. दिवसभर नाक ओढून वास घेत राहते. शेजारची बाई पुसते की तुले पडसं झालं काय.

ती वीट बांधावर फेकून द्या. साखरेच्या वहीत रंगापुढं दोन रकाने आखून ठेवा, डावा अन् उजवा. ते तुम्हीच भरायचे, सकाळची वंदना झाली की.

आजवर तुम्हाला लिहिलेलं प्रत्येक पत्र तुमच्या पायांवर डोकं ठेवून संपवलं. या वेळी तसं लिहीत नाही. रविवारी या, अन् आल्याबरोबर माझे पाय पाहा.

तुमची
विमल